संखेड्याचा झोपाळा, दुसऱ्या हाताचा

संध्याकाळी सहा-साडेसहाला बडोद्याच्या कुठल्याही जुन्या सोसायटीतून एक चक्कर मारा. दर दोन-तीन घरांआड गॅलरीत, ओट्यावर किंवा अंगणात एक झोपाळा हलताना दिसेल. गुजराती शेजारी त्याला हींचको म्हणतात, आपण झोपाळा म्हणतो. बसणारी माणसं दोन्हीकडे सारखीच. पेपर उलटा-सुलटा करून तिसऱ्यांदा वाचणारे आजोबा, शेंगा सोलणाऱ्या काकू, अभ्यास चाललाय असं दाखवणारी मुलं. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना आपल्याकडचं नवल वाटतं ते याचंच. त्यांच्याकडे पाहुणा सोफ्यावर बसतो, आपल्याकडे थेट झोपाळ्यावर. डोहाळजेवणाला फुलांनी सजवायला वेगळा झोपाळा भाड्यानं आणावा लागत नाही, घरचाच असतो.

हे झोपाळे आता घराबाहेर पडू लागले आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागातली जुनी घरं पाडून तिथे इमारती उभ्या राहतात. मुलं बंगलोरला, कॅनडाला जातात आणि मागे राहिलेले आईवडील तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येतात. त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला जो पूर आला, त्यानं ३५ फुटांची पातळी ओलांडली आणि नदीकाठच्या वस्त्यांतली तळमजल्याची घरं पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला गाद्या, कपाटं, खुर्च्या यांचे ढीग लागले होते. तेव्हापासून शहरात जुनं फर्निचर भरपूर विकायला येतंय, आणि त्यातलं बरंचसं भंगारात जाण्याच्या लायकीचं मुळीच नाही.

आमच्या घरी असाच एक झोपाळा आला. तो घेताना काय पाहिलं, तो दुरुस्त करायला संखेड्याला कसे गेलो, घरी काय केलं आणि खर्च किती आला, ते सगळं इथे लिहितो आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा एखादा तुकडा माळ्यावर पडला असेल, तर उपयोग होईल.

झोपाळा कुठला आणि कशासाठी

आमचं मूळ घर दांडिया बाजारात होतं. घराला ओटा होता आणि ओट्याच्या आत तुळईला टांगलेला सागवानी पाट. चार वर्षांपूर्वी घर बिल्डरकडे गेलं, आम्ही वासणा रोडवर फ्लॅटमध्ये आलो. तुळई गेली, त्यामुळे पाटाचाही उपयोग उरला नाही. तो काकांनी आजव्याजवळच्या शेतावर नेला. फ्लॅटला गॅलरी चांगली मोठी आहे, पण नंतर दोन वर्षांनी आई गेली आणि बाबांनी गॅलरीत बसणंच सोडलं. ओट्यावर बसणारा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतो. तिसऱ्या मजल्यावरून कुणाला हाक मारणार? बाबा टीव्हीसमोर बसू लागले. दिवसातून चार-पाच वाक्यं बोलायचे, त्यातली दोन औषधांबद्दलची.

त्याच सुमाराला माझ्या कंपनीनं घरून काम बंद करून पुण्याच्या ऑफिसात यायला सांगितलं. बाबा पुण्याला यायला तयार नव्हते. नकारही देत नव्हते. विचारलं की म्हणायचे, "तुम्ही ठरवा, मी काय, कुठेही बसेन." हे "कुठेही बसेन" माझ्या डोक्यातून जाईना.

डिसेंबरात एका ओळखीच्या मराठी कुटुंबाचा निरोप आला. अकोट्यातला त्यांचा बंगला विकला जात होता. संखेड्याचा स्टँडचा झोपाळा, दोन लोखंडी खुर्च्या आणि एक वेताचं स्टूल असं अंगणातलं सामान पडून होतं. पुराचं पाणी दोन दिवस अंगणात अडीच फूट उभं होतं, म्हणून कुणी घेईना. काकू म्हणाल्या, "लग्नात माझ्या वडिलांनी दिलेला आहे. भंगारवाल्याला द्यायचा जीव होत नाही. तू बघ, बाळा." गुजरातेत मुलीच्या लग्नात संखेड्याचं फर्निचर द्यायची पद्धत आहे, आणि आपल्या कितीतरी घरांनी ती उचललेली आहे.

आठ हजारात सगळं ठरलं.

घेताना काय पाहायचं

संखेड्याचं फर्निचर लांबूनही ओळखू येतं. लेथवर कातलेले गोल खांब आणि दांडे, गडद मरून रंग आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी. पण आता नुसता तसा रंग मारलेलं फर्निचरही मिळतं. खरं संखेडा असेल तर रंगावर लाखेचा थर असतो. ओळखायची सोपी रीत अशी: खांबाच्या तळाशी, जिथे कुणाला दिसणार नाही, तिथे कापसाच्या बोळ्यानं थोडं स्पिरिट लावा. लाख असेल तर जागा चिकट होते आणि बोळ्यावर रंग उतरतो. ऑइलपेंट असेल तर स्पिरिटनं फारसं काही होत नाही. (कोरोनाच्या काळात कित्येक घरांनी रोज सॅनिटायझरनं खुर्च्यांचे हात पुसले आणि ते हात चिकट, पांढुरके झाले, त्याचं कारण हेच. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.)

दुसरी गोष्ट लाकूड. लाख खराब झालेली दिसली तरी आतलं लाकूड शाबूत असू शकतं. आमच्या झोपाळ्याच्या चारही खांबांवर जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत लाख पांढरी पडून पोपडे सुटले होते. त्याच्या वर रंग जसाच्या तसा. मी पेचकस घेऊन खांबाच्या तळाला टोचून पाहिलं. कुठेही टोक आत शिरलं नाही. सागवानात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे ते पाण्यात इतर लाकडांपेक्षा खूपच टिकाव धरतं. वाळवीची मातीची नळी कुठे दिसते का, तेही पाहिलं. आणि नाकानं वास घेतला. कुजट वास येत असेल तर लाकूड अजून आतून ओलं आहे, असं समजायचं. पुरानंतर चार महिने हे सामान छपराखाली, वाऱ्यावर उभं होतं, ते फार बरं झालं. ओलं लाकूड उन्हात ठेवून घाईनं वाळवलं की ते फाटतं.

तिसरी गोष्ट सांधे. संखेड्याचे खांब आणि दांडे वेगवेगळे कातून एकमेकांत बसवलेले असतात. त्यामुळे सगळं सुटं होतं. आमच्या झोपाळ्याचा प्रत्येक खांब दोन तुकड्यांचा होता, मधोमध आट्यांनी जोडलेला. म्हणजे खराब झालेले खालचे चार तुकडेच काय ते दुरुस्तीला न्यायचे होते. वरचं अंग, आडवी तुळई आणि पाट यांना हात लावायची गरज नव्हती.

घरातला वाद

सामान सुटं करून टेंपोतून घरी आणलं आणि त्याच रात्री वाद सुरू झाला. बायकोचं म्हणणं, आपल्या फ्लॅटच्या भिंती करड्या, पडदे फिके. त्यात हे मरून-सोनेरी लग्नमांडवासारखं दिसेल. त्यापेक्षा सगळं घासून पांढरं किंवा पिस्ता रंगाचं करू. आजकाल जुन्या फर्निचरला नवं रूप देण्याचे इतके व्हिडिओ असतात, की एका रविवारात काम उरकेल असं वाटतं. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. गॅलरी तिचीही आहे, आणि घासून रंगवायला खर्चही कमी आला असता.

अडचण दोन ठिकाणी होती. लाखेचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर ऑइलपेंट नीट धरत नाही. आधी लाख पूर्ण उतरवावी लागते. आणि एकदा उतरवली की खालची हातानं काढलेली नक्षी कायमची जाते, ती परत आणता येत नाही. बाबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "ज्यांनी बनवलाय त्यांना तरी आधी दाखवा." त्या आठवड्यातलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. मग रविवारी गाडीच्या डिकीत चार खांब टाकून आम्ही तिघं, म्हणजे बाबा, मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी, संखेड्याला निघालो.

बडोदा–डभोई–संखेडा

संखेडा बडोद्यापासून साधारण पन्नास किलोमीटर. तालुक्याचं गाव, ओरसंग नदीच्या काठावर. पूर्वी ते बडोदा जिल्ह्यात होतं, २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. त्याआधी, संस्थानी काळात, ते गायकवाडांच्या राज्यातलं एक महाल होतं. डभोईपर्यंतचा रस्ता तुम्हाला माहीत असेल. स्टॅच्यू ऑफ युनिटीला जायला आपण तोच धरतो. डभोईला बहुतेक गाड्या सरळ केवडियाकडे निघून जातात. तुम्ही थोडा वेळ थांबा.

डभोईशी आपलं नातं जुनं आहे. १ एप्रिल १७३१ रोजी याच परिसरात बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई झाली. मराठ्यांनी मराठ्यांशी केलेली ही लढाई. त्र्यंबकराव तिच्यात मारले गेले. पिलाजी गायकवाड त्या दिवशी दाभाड्यांच्या बाजूला होते, म्हणजे हरलेल्या बाजूला. तरीही पुढे गुजरातेत पाय रोवले ते गायकवाडांनीच. बाबांना हा इतिहास पाठ आहे. त्यांनी तो नातीला हिरा भागोळीसमोर उभं राहून सांगितला. हिरा भागोळ म्हणजे डभोईच्या जुन्या किल्ल्याचा पूर्वेकडचा दरवाजा. दगडातलं कोरीवकाम असं की मुलगी कथा सोडून हत्तीच मोजत बसली.

डभोईची दुसरी ओळख रेल्वेची. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम अशी अडीच फूट रुंदीची नॅरोगेज लाइन टाकली. भारतातली ही पहिली नॅरोगेज, आणि सुरुवातीला तिचे डबे बैल ओढायचे! इंजिन यायला आणखी दहा-अकरा वर्षं गेली. पुढे डभोई हे नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं. बाबांनी लहानपणी त्या गाडीतून चांदोदचा प्रवास केलेला आहे. आता इथे ब्रॉडगेज आली आहे. बाबा त्या गाडीबद्दल संखेडा येईपर्यंत बोलत होते. मी मध्ये बोललो नाही, गाडी जरा हळूच चालवली.

खरादीकाकांचं कारखानाघर

संखेड्यात शिरलं की दुकानं दिसायला लागतात. पुढे शोरूम आणि मागे किंवा शेजारी काम. हे काम करणारी मंडळी खरादी-सुतार समाजाची, पिढ्यान्‌पिढ्या हेच करणारी. गुजरातीत लेथला संघेडो म्हणतात, आणि गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. संखेड्याच्या फर्निचरला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणजे दुसरीकडे बनवलेल्या मालाला संखेडा म्हणून विकता येत नाही.

दोन दुकानांनी "जुनं काम करत नाही, नवीन घ्या" असं सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी साठी उलटलेल्या एका काकांनी खांब हातात घेतला, नखानं टकटक केलं, पोपडा उडवला आणि म्हणाले, "लाकडुं साजुं छे." लाकूड धडधाकट आहे. मग विचारलं, कुठल्या पुरात सापडला? बाबांनी सांगितलं. काका म्हणाले की त्या दिवाळीनंतर असे बरेच खांब त्यांच्याकडे आले, सगळ्यांवर अशीच पांढरी रेघ. कुणाची गुडघ्याएवढी, कुणाची छातीएवढी.

त्यांनी आम्हाला सगळं काम बसून पाहू दिलं. थोडक्यात असं असतं:

आधी सागाचा दांडा लेथवर फिरवून हव्या त्या आकाराचा कातायचा आणि पॉलिश पेपरनं गुळगुळीत करायचा. पूर्वी लेथ दोरीनं हातानं फिरवायचे, आता मोटर आहे. मग जमिनीचा रंग चढवायचा, आमच्या बाबतीत मरून. त्यावर वेलबुट्टी काढायची ती सोन्याच्या रंगानं नव्हे, चंदेरी रंगानं! कथील वितळवून, कुटून, सरसात मिसळून तो रंग करतात. बारीक कुंचल्यानं, छाप न वापरता, नुसत्या हातानं फुलं, वेली, ठिपके. हे वाळलं की अकीकाच्या दगडानं घोटायचं, म्हणजे कथलाला चमक येते. अकीक हा खंभातचा प्रसिद्ध दगड.

शेवटी लाख. दांडा जोरात फिरत असताना लाखेची कांडी त्याच्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर पसरते. केवड्याच्या पानानं ती सारखी करतात. पान लावल्याबरोबर भुरकट दिसणारा थर एकदम आरशासारखा होतो. आणि त्याच क्षणी चांदीचं सोनं होतं. लाखेचा स्वतःचा रंग मधासारखा असतो, त्या थरातून पाहिलं की चंदेरी नक्षी सोनेरी दिसते. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, हे फिल्टर लावल्यासारखं आहे." मला याहून चांगलं समजावता आलं नसतं.

मी कलाभवनातून बी.ई. केलं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं ते कारागिरांना नवं तंत्र मिळावं म्हणून. पहिले प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, हे रसायनशास्त्रज्ञ आणि सुतार समाजातले. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आज ती बडोदा विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे, आणि त्या इमारतीत चार वर्षं काढूनही पन्नास किलोमीटरवरचा हा लेथ मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्या वर्कशॉपमध्ये लेथ होते, पण ते धातूचे.

काकांपुढे मी घरातला वाद मांडला. पांढरा रंग देता येईल का? ते हसले नाहीत. "देता येतो. आजकाल पांढरा, काळा, निळा सगळे मागतात, आम्ही करतो. पण हा खांब वरून मरूनच राहणार. खाली पांढरा केला तर पायमोजे घातल्यासारखा दिसेल." मग त्यांनी खरी अडचण सांगितली. मरून केला तरी नवा आणि जुना रंग जुळणार नाही. जुनी लाख वर्षानुवर्षांत गडद होते. नवी उजळ दिसते. एकतर सगळाच झोपाळा नव्यानं करा, त्याला खर्च मोठा, किंवा फरक दिसू द्या. त्यांनी सुचवलं की दोन तुकड्यांचा जोड येतो तिथे एक खोल कंगोरा कातून त्यात काळी पट्टी देऊ. म्हणजे वरचा आणि खालचा रंग वेगळा आहे हे डोळ्याला मुद्दाम केल्यासारखं वाटेल.

चार खांबांचे साडेनऊ हजार ठरले आणि तीन आठवड्यांची मुदत. निघताना काकांनी विचारलं, कुठे लावणार? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, अजून नक्की नाही, कदाचित पुण्याला न्यावा लागेल. काका म्हणाले, त्यात काय, सुटा होतो, कुठेही जाईल. फक्त प्रत्येक तुकड्यावर खूण करून देतो. आणि त्यांनी खांबांच्या टोकांवर करवतीनं एक, दोन, तीन, चार अशा बारीक खाचा पाडल्या. त्यांचा मुलगा कंपनीत नोकरीला आहे, सुट्टीच्या दिवशी येऊन नक्षी काढतो. "रोज यायला त्याला परवडत नाही," एवढंच बोलले. तक्रारीचा सूर नव्हता.

तोवर घरी काय केलं

बायकोच्या रंगाला जागा मिळाली ती लोखंडी खुर्च्यांवर, आणि ते काम तिनं आणि मी दोन रविवारांत केलं. पहिल्यांदा तारेच्या ब्रशनं सुटा गंज आणि जुना रंग काढला. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर १२० नंबरचा. धूळ थिनरच्या फडक्यानं पुसली. पुसल्यावर त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं की पुन्हा गंजायला लागतं. प्रायमर पूर्ण वाळल्यावर पिस्ता रंगाच्या ऑइलपेंटचे दोन पातळ हात. पातळ हे महत्त्वाचं, एकच जाड हात दिला तर ओघळ येतात आणि आतून वाळत नाही. पायांना रबरी बुटं घातली, नाहीतर गॅलरीच्या टाइल्सवर गंजाचे गोल डाग पडतात. हे काम थंडीत किंवा उन्हाळ्यातच करा. पावसाळ्याच्या दमट हवेत रंग नीट वाळत नाही.

वेताच्या स्टुलाची बैठक सैल पडून खाली झोळ आला होता. वेत तुटलेला नसेल तर यावर बिनखर्चाचा उपाय आहे. स्टूल उलटं करून विणीवर आतल्या बाजूनं गरम पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवायचं, वेत चांगला ओला होऊ द्यायचा आणि मग वाऱ्यावर वाळवायचं. वाळताना वेत आखडतो आणि बैठक ताणली जाते. दोन-चार दिवस कुणाला बसू द्यायचं नाही. पितळी कड्या बाबांनी चिंचेच्या कोळानं घासल्या. आई घरची भांडी अशीच घासायची, चिंच लावून जरा वेळ ठेवायची आणि मग राखेनं. राख मिळाली नाही, म्हणून तांदळाचं पीठ घेतलं. तीन दिवस ते कड्या घासत होते आणि या तीन दिवसांत टीव्ही लागला नाही.

रंग, ब्रश, पेपर, बुटं मिळून साडेसतराशे झाले. टेंपोचे दीड हजार. झोपाळ्याचे आठ हजार आणि संखेड्याचे साडेनऊ हजार धरून पेट्रोल सोडून पावणेएकवीस हजारांत सगळं उभं राहिलं.

लावल्यावर

स्टँडचा झोपाळा असल्यामुळे स्लॅबला कडी लागली नाही. (फ्लॅटमध्ये स्लॅब ओतताना कडी ठेवलेली नसेल तर नंतर ड्रिल करून बोल्टवर झोपाळा टांगण्याआधी जाणकाराला दाखवा. हलत्या माणसाचं वजन स्थिर वजनापेक्षा जास्त ओढ देतं.) खाचा पाहून खांब जोडायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. काळ्या पट्टीच्या वर जुना गडद मरून, खाली नवा उजळ. जवळ जाऊन पाहिलं तर फरक कळतो. झोपाळा ज्यांनी दिला त्या काकू पाहायला आल्या, तेव्हा त्यांनी आधी खालच्या भागावर हात फिरवला, मग वरच्या, आणि म्हणाल्या, "वरचं माझ्या वडिलांचं, खालचं तुमचं."

आता संध्याकाळी पाच वाजता खालच्या मजल्यावरचे एक गुजराती काका चहाला वर येतात. दोघं पाटावर बसतात, पिस्ता खुर्च्या रिकाम्या राहतात. विषय बहुतेक नगरपालिका आणि गुडघे. कधी नॅरोगेज.

पुण्याचं म्हणाल तर मी ऑफिसशी बोललो. महिन्यातले आठ दिवस तिथे जायचं, बाकी बडोद्यातून काम. बदल्यात यंदाची पगारवाढ नाही. बायकोनं आणि मी दोन रात्री हिशोब मांडला आणि हो म्हटलं. पुढच्या वर्षी कंपनी काय म्हणेल ते पुढच्या वर्षी. झोपाळा सुटा होतो ही गोष्ट बाबांना माहीत आहे. त्यांनीच एकदा सांगितलं, "पुण्याला न्यायचा झाला तर पहिल्या खाचेचा खांब डावीकडे, लक्षात ठेव."

जाणार असाल तर

रविवारी सकाळी लवकर निघा, डभोईत नाश्ता आणि हिरा भागोळ करून दहापर्यंत संखेड्यात पोहोचा. काम चालू असलेलं पाहायचं असेल तर दुकानात आधी तसं विचारा. बहुतेक जण आनंदानं दाखवतात. लग्नसराईत कारागिरांना उसंत नसते, दुरुस्तीचं काम तेव्हा नेऊ नका. संपूर्ण फर्निचर नेण्याआधी मोबाइलवर फोटो दाखवा, खराब तुकडाच तेवढा न्या. जुन्यासारखा हुबेहूब रंग देतो असं कुणी सांगितलं तर आधी त्यांचं पूर्वीचं काम पाहा.

आणि काकांनी दिलेला मंत्र: लाखेला तीन गोष्टींपासून जपायचं, पाणी, थेट ऊन आणि दारू. गॅलरीत ठेवायचं असेल तर पावसाच्या बाजूला पडदा हवा आणि दुपारचं ऊन टाळायला हवं. पुसायचं ते कोरड्या मऊ फडक्यानं. तिसऱ्या गोष्टीबद्दल ते म्हणाले, गुजरातेत राहता, तिची काळजी सरकार घेतं. तुम्ही सॅनिटायझर तेवढं लांब ठेवा.